बाई एकदाच विचारतात

"आमची मुलगी कधीही उलट बोलत नाही," असं माझ्या मुलानं इतिहासाच्या बाईंना अगदी छाती फुगवून सांगितलं. सांगितलं इंग्रजीत, पण सूर आपला घरचाच. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मला नेमकी तीच काळजी आहे."

इंग्लंडात, मेडनहेडला, नातीच्या शाळेच्या हॉलमध्ये पेरेंट्स इव्हनिंग होती, म्हणजे पालकांनी शिक्षकांना भेटायची संध्याकाळ. नोव्हेंबरचे दिवस, चार वाजताच बाहेर काळोख. सूनबाई ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकली होती, आणि नात म्हणाली, "आजी, तू चल ना." म्हणून मी गेले. तिथं प्रत्येक शिक्षकाकडे पाचच मिनिटं मिळतात. घंटा वाजली की उठायचं, मग तुमचं वाक्य अर्धं राहिलं तरी. आधी गणिताच्या सरांनी कौतुक केलं, मग केमिस्ट्रीच्या बाईंनी केलं. तोवर माझा मुलगा असा खुशीत आला होता की इतिहासाच्या टेबलाशी बसता बसताच त्यानं ते वाक्य टाकलं.

आमच्या दोघांच्या मधे नात बसलेली. स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतलेल्या.

बाई म्हणाल्या, "ती लिहिते फार छान. वर्गात सगळ्यात जास्त वाचून तीच येते. पण माझा गुरुवारचा वर्ग बोलण्याचा असतो. दुसऱ्याचं म्हणणं पुराव्यानिशी खोडायचं असतं. सप्टेंबरपासून ती तिथं एक वाक्यही बोललेली नाही."

मुलगा हसला. "ती जरा लाजाळू आहे."

"लाजाळू मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. ही लाजत नाही, ही नकार देते. मी विचारते, ती नाही म्हणते." बाई हे रागावून बोलत नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. "नाताळच्या सुट्टीआधी अजून तीन गुरुवार आहेत. ती बोलली तर उत्तम. नाही बोलली तर तिनं दुसरा विषय घ्यावा, असं मी सुचवेन. ही शिक्षा नाही. पुढं हा कोर्स आणखी कठीण होत जातो, आणि गप्प बसून तो झेपत नाही."

घंटा वाजली. आम्ही उठलो. नात म्हणाली, "थँक यू, मिस." तेवढंच.

गाडीत मुलानं हीटर लावला. मग म्हणाला, "इकॉनॉमिक्स घे. मी उद्याच शाळेला मेल करतो. अजून वेळ गेलेली नाही. शाळा आधीच अंदाजानं कळवते तो प्रेडिक्टेड ग्रेड खाली आला की युनिव्हर्सिटीचं सगळं गणित चुकतं. आणि इथं राहून अमेरिकेचा इतिहास शिकून करायचंय काय?"

"हो, बाबा," नात म्हणाली.

मी मागच्या सीटवर होते. मला तिची फक्त मान दिसत होती. ती मान काही 'हो' म्हणत नव्हती.

आता हा अमेरिकेचा इतिहास काय आहे, ते सांगते, म्हणजे तुम्हाला पुढचं कळेल. इथं सोळाव्या वर्षी मुलं सिक्स्थ फॉर्ममध्ये जातात आणि तीनच विषय निवडतात, पण खोलात शिकतात. नातीनं गणित, केमिस्ट्री आणि इतिहास घेतला. इतिहासात या बाई अमेरिका शिकवतात: तिथली यादवी, गुलामगिरी संपली तो काळ, आणि पुढं काळ्या लोकांनी शंभर वर्षं दिलेली झुंज. पहिल्याच दिवशी बाईंनी एक हँडबुक दिलं. वर्गाचे नियम आणि अपेक्षा. त्याच्या मागच्या पानावर मुलांनी आणि आईवडिलांनी सही करायची. माझ्या मुलानं ट्रेन पकडायच्या घाईत न वाचता सही ठोकली. मी मात्र ते दोनदा वाचलं, कारण मला तसले कागद वाचायची हौस आहे.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. इंग्रजी मी इथं येऊन शिकले, या नातीच्याच पुस्तकांवर. ती कौन्सिलच्या लायब्ररीतून चित्रांची पुस्तकं आणायची आणि आम्ही दोघी शेजारी बसून अक्षरं लावायचो. ती पुढं गेली तसतशी मीही तिच्या मागोमाग गेले. अजूनही ती जे वाचते ते मला वाचून दाखवते, आणि मला अडलेलं विचारायला लाज वाटत नाही.

तर त्या हँडबुकात लिहिलं होतं, फोन दाराजवळच्या खोक्यात ठेवायचा. नेमून दिलेली पानं वाचल्याशिवाय वर्गात यायचं नाही. न वाचता आलेल्यानं लायब्ररीत जाऊन बसायचं. उशिरा दिलेला निबंध वाचला जाणार नाही. नेटवरचे सारांश चालणार नाहीत. आणि गुरुवारचा एक खास नियम होता, जो मला फार आवडला. दुसऱ्याचं खोडायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत असं मांडायचं, की तो म्हणाला पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचं होतं." मगच आपलं बोलायचं.

आमच्या नातीला हा विषय का सोडवत नव्हता, तेही सांगते. ऑक्टोबरात ती एकदा शाळेतून आली आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली. म्हणाली, "आजी, गुलामगिरी संपल्यावर माहीत आहे लोक काय करायचे? पेपरमध्ये जाहिराती द्यायचे. माझा आई कुठे आहे, कुणी बघितला का?" तिचं मराठी असंच आहे, आई 'माझा' आणि रस्ता 'माझी'. पण मी हसले नाही. लहानपणीच विकून दुसऱ्या गावी पाठवलेली माणसं म्हातारी झाल्यावर आईला शोधत होती, बहिणीला शोधत होती. मालकाचं नाव, गावाचं नाव, कपाळावरची खूण, जे आठवेल ते छापायचे. बाईंनी त्यांना तशा जाहिराती वाचायला दिल्या होत्या. नात एकेक वाचायची आणि मी पोळ्या लाटायची थांबायची. त्या दिवसापासून ती पोरगी त्या विषयातून बाहेर आलीच नाही.

आणि आता बाप मेल करणार होता.

घरी पोचल्यावर सूनबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती जरा शांत डोक्याची आहे. म्हणाली, "अहो, बाईंनीच तीन गुरुवार दिलेत ना? मग तुम्ही आधीच कशाला निकाल लावताय?"

"बोलायचं असतं तर आत्तापर्यंत बोलली असती."

"थांबा तेवढे तीन आठवडे."

मुलगा थांबला. पण म्हणाला, "तिसऱ्या गुरुवारनंतर शुक्रवारी मेल जाणार. मग कुणी मला काही म्हणायचं नाही."

पहिला गुरुवार आला आणि गेला. नात घरी आली, दप्तर जिन्याशी टाकलं आणि माझ्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली. मी आमटी ढवळत होते.

"बोललीस?"

तिनं मान हलवली. नाही.

"बाईंनी विचारलं नाही?"

"विचारलं. म्हणाल्या, तुला इथे काही अ‍ॅड करायचं आहे का. मी म्हटलं, नो थँक यू, आय अ‍ॅम फाइन."

"का गं? बोलायला काही नव्हतं?"

"होता ना! सगळा रेडी होता. माझ्या नोट्समध्ये पूर्ण पॉइंट लिहिला होता."

"मग नाही का म्हणालीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच काहीतरी विचित्र विचारतेय. म्हणाली, "मला वाटलं, परत विचारतील."

डाव हातात धरून मी तशीच उभी राहिले. आमटी उतू जायला आली तेव्हा भानावर आले.

तुमच्या लक्षात आलं का? आपल्याकडे कुणी काही पुढं केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. समोरचा म्हणतो, घ्या हो, संकोच करू नका. आपण पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग घ्यायचं, तेही "बरं, अर्धाच द्या" म्हणत. पहिल्या हाकेला हात पुढं केला तर तो हावरटपणा. लेस्टरला माझ्या नणंदेकडे जाताना मीच हिला गाडीत बजावायची, "पेढा लगेच उचलायचा नाही हं. आत्याआजी म्हणेल, घे गं, मग घ्यायचा." आणि आत्याआजी म्हणायचीच. कधी चुकली नाही.

पण इंग्रज माणूस एकदाच विचारतो. मी नवीन असताना शेजारच्या बाईनं चहा विचारला. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं, तर ती "बरं" म्हणाली आणि स्वतःचा कप घेऊन माझ्यासमोर बसली. मी आपली कोरड्या घशानं तिच्या मांजराचं कौतुक करत बसले. त्यांना वाटतं, नाही म्हणजे नाही; पुन्हा विचारणं म्हणजे दुसऱ्याला त्रास देणं. त्यांच्या परीनं ते सभ्यपणाच करत असतात.

सप्टेंबरपासून दर गुरुवारी बाई एकदा विचारत होत्या, आणि ही पोरगी पोटात सगळं तयार ठेवून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होती.

"अगं बाई," मी म्हटलं, "त्या परत नाही विचारणार. कधीच नाही विचारणार."

"पण न विचारता मधे बोलणं रूड आहे ना?"

"आपल्या घरात. त्यांच्या वर्गात नाही."

"मला माहीत आहे गं, आजी. डोक्याला माहीत आहे. पण तोंडातून आपोआप नो थँक यू येतो."

मग मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी जेवायला कोथिंबीर वडी केली. ती या घरात सगळ्यांना आवडते, मुलाला तर फारच. पानं घेतल्यावर मी जाहीर केलं, "आजपासून मी एकदाच विचारणार. नको म्हणाल त्याला मिळणार नाही. आग्रह बंद."

"हे काय नवीन, आई?" मुलगा हसत म्हणाला.

"बघ तू."

पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला मी ताटली त्याच्यापुढं धरली. "घेतोस?"

"नको नको, बास."

मी ताटली उचलून पुढं गेले.

"अगं आई! असं काय करतेस? जरा आग्रह कर ना!"

"नको म्हणालास."

सूनबाई तोंडावर हात ठेवून हसत होती. "आई, मला द्या. मी काही नको म्हणणार नाही." तिला दोन वाढल्या. मग नातीपुढं धरली. "घेतेस?"

"नको, आजी."

आणि तिचं तिलाच कळलं. तिचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता ही रडणार. पण मी थांबले नाही. ताटली ओट्यावर नेऊन झाकून ठेवली. मला काही घास गोड लागला नाही, पण एवढ्यावर मऊ पडले असते तर गुरुवारी पुन्हा तेच झालं असतं.

चार-पाच दिवस हे चाललं. ती अडखळायची, ओठ नकोचा आकार घ्यायचे, आणि मग घाईघाईनं "हो, हवी" म्हणायची. पुढं मी विचारणंच सोडून दिलं. ताटली मधे ठेवायची, लागेल त्यानं हात लांबवून घ्यायचं. मुलगा कुरकुरला, "हे घर आहे की कँटीन?" पण तोही घ्यायला शिकला.

दुसऱ्या गुरुवारी बाईंनी विचारलं आणि नात हो म्हणाली. मी ऐकूनच टाळी वाजवणार होते, पण ती म्हणाली, "थांब, आजी. मी बोलले. एक मुलगी म्हणाली असा, एक मुलगा म्हणाला तसा. मी म्हटलं, दोघांचा पॉइंट बरोबर आहे."

"मग?"

"मिस म्हणाल्या, सहमत होणं सोपं असतं. तुझं स्वतःचं काय? मी ब्लँक झाले. त्या पुढच्या मुलाकडे गेल्या."

एकच गुरुवार उरला. त्यात आणखी भर अशी पडली, की त्या दिवशी शाळेची ओपन इव्हनिंग होती. पुढच्या वर्षी सिक्स्थ फॉर्मला येऊ पाहणारी मुलं आणि त्यांचे आईवडील शाळा बघायला येतात. बाईंनी ठरवलं, की तो गुरुवारचा वर्ग संध्याकाळी लायब्ररीत सगळ्यांसमोर घ्यायचा. विषय होता, गुलामगिरी संपल्यावर ती माणसं खरंच मोकळी झाली का.

मुलानं ऐकलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. "वर्गात बोलेना ती, आणि आता लोकांसमोर? नको तिचे हाल करायला. मी मेल करून टाकतो."

"शुक्रवार म्हणाला होतात," सूनबाई म्हणाली.

"हो, शुक्रवार," तो म्हणाला, आणि जेवणावरून उठला. त्याच्यावर राग धरू नका. त्याला मुलीची फजिती बघवत नव्हती. तोही याच घरात, याच आग्रहात वाढलेला.

मग मी आणि नात तयारीला लागलो. शाळेतून आली की ती ओट्यापाशी उभी राहायची, आणि मी मटार सोलता सोलता विरुद्ध बाजू घ्यायची. आधी मी काही म्हटलं की ती मान डोलवायची. "तुझा बरोबर आहे, आजी." मी म्हणायची, "अगं, मी मुद्दाम चुकीचं बोलतेय!" "हो, पण तू छान बोलतेस." मी कपाळाला हात लावायची.

मग एके दिवशी मी जरा कडक झाले. म्हटलं, "कायदा झाला ना? मोकळे केले ना? आता आणखी काय हवं त्यांना? कुणी कुणाला आयुष्यभर पुरणार आहे का? आता त्यांनी आपलं आपण बघावं."

ती ओट्यापासून सरळ झाली. मग म्हणाली, "असं नको बोलूस."

"का? खोड की मग. आधी माझं म्हणणं मांड."

"तू म्हणतेस, कायदा झाला म्हणजे काम संपलं, पुढची जबाबदारी त्यांची. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"नाही आहे बरोबर!" तिचा आवाज चढला. त्या पोरीचा एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "ज्यानं मुलाला विकलं, त्याला माहीत होतं कुणाला विकलं! त्याच्याकडे कागद होते! आणि कायद्यानं त्याला सांगायला नाही लावलं. त्या आईला पेपरमध्ये पैसे भरून विचारायला लागलं. तू म्हणतेस, आपलं आपण बघा? कसं बघणार, आजी? सांग ना, कसं?"

तिचे डोळे भरले होते. माझेही. मटाराच्या शेंगा तशाच राहिल्या.

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं. "हेच तिथं बोल."

"तिथं तू नसशील."

"मागच्या खुर्चीवर असेन की."

त्या गुरुवारी लायब्ररीत पुस्तकांची कपाटं मागे सरकवून मधे गोल खुर्च्या मांडल्या होत्या. मुलं आत बसली, आणि बाहेरच्या रांगांत आम्ही बघे. सूनबाई माझ्या शेजारी. मुलगा लंडनहून यायचा होता, पण ट्रेन उशिरा होती. नात गोलात माझ्याकडे पाठ करून बसली होती. पुन्हा तिची मानच दिसत होती.

वर्ग सुरू झाला. एक मोठ्या आवाजाची मुलगी बोलायला लागली, आणि काय बोलायची! घटना बदलली, मताचा हक्क दिला, शाळा काढल्या. सरकारला त्या काळात जे शक्य होतं ते त्यानं केलं, आणि पुढं जे बिघडलं तो पुढच्यांचा दोष, असं तिचं म्हणणं. मलाही क्षणभर पटलं. बघायला आलेल्या एका गृहस्थांनी मान डोलावली.

बाई नातीकडे वळल्या. "तुला काही म्हणायचंय?"

सूनबाईनं माझा हात धरला. नातीचा खांदा जरा वर गेला, ती काय करणार ते मला कळेना. मी मनात म्हणत होते, बाई गं, आता नको म्हणू नकोस.

"हो," ती म्हणाली.

आधी तिनं त्या मुलीचं म्हणणं मांडलं. हळू आवाजात, पण नीट, एकेक मुद्दा. शेवटी विचारलं, "तुला हेच म्हणायचं होतं ना?" ती मुलगी हसून म्हणाली, "हो. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंस." लोक हसले. मग नात जाहिरातींवर आली. विकणाऱ्याच्या कपाटात कागद पडून होते, आणि ते दाखवायची सक्ती कुणी त्याच्यावर केली नाही. कायद्यानं दार उघडलं, पण पलीकडे कुठं जायचं, ते ज्याला माहीत होतं त्याला गप्प राहू दिलं. तिचं इंग्रजी तिच्या मराठीसारखं नाही. तिथं तिचा पाय कुठं घसरत नाही.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण ती मोठ्या आवाजाची मुलगी काही ऐकून घेणारी नव्हती. म्हणाली, "पण त्यांना जाहिरात देता आली, गाव सोडून शोधायला जाता आलं. गुलाम असताना हे करता आलं असतं का? मग हेच स्वातंत्र्य नाही का?"

मुद्दा बिनतोड होता. नात खाली बघू लागली. बाईंनी जरा वाट पाहिली, आणि मग त्या दुसऱ्या एका मुलाकडे वळल्या. "तुझं काय मत?"

तेवढ्यात दार उघडलं. माझा मुलगा आत आला, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, ओला कोट. त्यानं आल्याबरोबर पाहिलं ते हेच: मुलगी खाली मान घालून गप्प बसलेली आणि बाई दुसऱ्याशी बोलत असलेल्या. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला त्याच्याकडे बघवेना.

त्या मुलानं बोलायला तोंड उघडलं. आणि नात म्हणाली, "सॉरी. माझं संपलेलं नाही."

कुणी तिला विचारलं नव्हतं. एकदाही नाही.

तो मुलगा थांबला. बाईंनी हातानंच तिला वाट दिली.

"तुझं बरोबर आहे," ती त्या मुलीला म्हणाली. "शोधायला जाता येणं हे मोठं होतं. मी ते विसरले होते, आणि ते मी मान्य करते. पण ज्या माणसाचं निम्मं आयुष्य शोधण्यात जातं, त्याला मोकळा म्हणायचं की नाही, हे आपण ठरवायचं का? त्यांतल्या कितीजणांना कुणीच सापडलं नाही. त्यांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते? मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. म्हणून, सरकारनं शक्य ते सगळं केलं, असं तू म्हणू शकत नाहीस."

तिचा आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत पोचला. ती मुलगी विचारात पडली, मग म्हणाली, "सगळं, हा शब्द मी मागे घेते. बाकीचं नाही." मग इतर मुलं तुटून पडली. एकानं नातीचाच मुद्दा खोडला, आणि तिनं पुन्हा हात वर न करता उत्तर दिलं. एकदा तर तिनं खुद्द बाईंना अडवलं. माझा मुलगा दाराशी उभा होता तो उभाच राहिला. रिकामी खुर्ची समोर होती, पण त्याला ती दिसली नाही.

वर्ग संपला. लोक उठले, बिस्किटांच्या टेबलाकडे गेले. बाई खुर्च्या सरळ करायला लागल्या. नातीला त्या वर्गात ठेवणार की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. माझा मुलगा आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, ही असं आधीपासून बोलायची?"

"नाही," मी म्हटलं. "आजच."

तेवढ्यात बाईंनी कपाटातून सुट्टीतल्या वाचनाचे गठ्ठे काढले, प्रत्येकाचा एक, जाड, क्लिप लावलेला. एकेकाला हाक मारून त्या देऊ लागल्या. मुलं घेऊन बाहेर पडत होती. हातातला ढीग कमी होत चालला. नात कोपऱ्यात कोट चढवत होती. एक बाही सापडतच नव्हती. मी मनात गठ्ठे मोजत होते. बाईंच्या हातात शेवटचा गठ्ठा राहिला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग चालत तिच्याकडे गेल्या.

"यातलं शेवटचं प्रकरण तुला मुळीच पटणार नाही," त्या म्हणाल्या. "जानेवारीत सुरुवात तूच करायचीस. आणि हो, मधे बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देत जा. मला आज दोनदा अडवलंस."

"एकदाच, मिस," नात म्हणाली.

बाई हसल्या आणि दिवे मालवायला वळल्या.

माझ्या मुलानं तो गठ्ठा तिच्या हातातून घेऊन वजन करून बघितलं. "एवढं सगळं सुट्टीत? आणि लेस्टरला जायचंय त्याचं काय?"

"गाडीत वाचीन," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बाहीत हात घालत गठ्ठा परत घेतला.